सुमित्रिन

नाकावर भरवसा ठेवणाऱ्या माणसानं रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आले. मुलं हसायची, वहीत लिहून घ्यायची आणि पुढच्याच तासाला परीक्षानळीत नाक खुपसायची. का जाऊ नये, ते मात्र मी कुणाला कधी सांगितलं नाही.

आता निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली. कुवेंपुनगरातल्या या घरात दुपारी जेवून आडवी होते आणि चारच्या सुमाराला खालून फुलवालीची हाक येते, "मल्लिगे, मल्लिगे!" डोळा नीट उघडलेला नसतो. त्या अर्धवट झोपेत मला दर वेळी वाटतं की मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच आहे, मोठ्या बरणीत मोगऱ्याच्या कळ्या भिजत पडल्या आहेत आणि पलीकडच्या खोलीत गंगाधरराव सर कुणाला तरी काही समजावून सांगताहेत. मग पंख्याचा आवाज ऐकू येतो, गुडघा दुखायला लागतो आणि मी म्हातारी होते.

गंगाधरराव सर म्हणजे माझे संशोधनातले गुरू. पाचसहा पिढ्या म्हैसुरात काढलेलं मराठी घराणं, सगळे शिक्षक नाहीतर कारकून. आम्हीही मराठीच, पण लष्कर मोहल्ल्यातले. आमच्या पूर्वजांनी म्हैसूरच्या राजासाठी तलवार चालवली आणि माझ्या वडिलांनी, नागोजीरावांनी, देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या दुकानात कात्री. त्यामुळे मी एम.एस्सी.ला गेले तेव्हा गल्लीत कौतुक झालं, आणि पुढे संशोधन करणार म्हटल्यावर लग्न कधी करणार, ही चौकशी सुरू झाली. मी कुणाचं ऐकलं नाही. ऐकायची सवयच नव्हती.

सरांचं संशोधन बाईंच्या केसांतून निघालं होतं. बाई म्हणजे सरांच्या पत्नी, सुमित्राबाई. त्या रोज संध्याकाळी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ घालायच्या. पासष्ट साली एका सकाळी सरांच्या लक्षात आलं की माळ सुकून पिवळी पडली तरी उशीला वास आहे. आपल्यासारख्याला हे गोड वाटेल आणि आपण चहा मागू. सर रसायनशास्त्रज्ञ. त्यांना प्रश्न पडला की एवढा उडून जाणारा वास रात्रभर टिकतो कसा? फुलात त्याला धरून ठेवणारं दुसरं काहीतरी असलं पाहिजे.

ते काहीतरी त्यांनी पुढच्या वर्षी शोधून काढलं. पेट्रोलियम ईथर, म्हणजे रॉकेलची फार हलकी, झटकन उडून जाणारी बहीण. ते आधी नीट शुद्ध करायचं, वरच्या फळीवरच्या बाटलीत भरायचं, तिथून नळीनं खालच्या बरणीतल्या कळ्यांवर सोडायचं. दोन दिवसांनी ईथर उडवून टाकलं की मेणासारखा सुगंधी गोळा उरतो. तो पुन्हा पुन्हा गाळत, उकळवत गेलं की शेवटी काचेच्या तळाशी थोडं तेल राहायचं. जाडसर, बिनरंगाचं, आणि गंमत म्हणजे बिनवासाचं. सर म्हणाले, हाच तो धरून ठेवणारा. त्यांनी त्या तेलाला नाव दिलं, सुमित्रिन.

अडुसष्ट साली परदेशी मासिकात त्यावर निबंध छापून आला. तो अंक सरांनी घरी नेला तेव्हा मी तिथंच होते. एम.एस्सी.ची आम्ही चार मुलं बाईंच्या हातची बिसीबेळे भात खायला गेलो होतो. बाईंनी आपलं छापील नाव पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"अय्यो, हे काय हो? माझं नाव तेलाला?" त्या म्हणाल्या. "वास तरी आहे काय त्याला?"

"नाही," सर म्हणाले. "पण ते आहे म्हणून वास राहतो."

बाईंनी आत जाऊन आम्हाला तुपाचं भांडं आणून दिलं आणि सरांच्या पानात दोनदा तूप वाढलं. सरांना तूप वर्ज्य होतं.

फुलं बाईच आणायच्या. ओवलेल्या माळेत किडकी कळी नसते, म्हणून सर माळाच घ्यायचे आणि दोरा कापून कळ्या सोडवायचे. आमच्याकडे माळ मोळानं विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. मार्केटातल्या फुलवालीचा हात बाईंना कधीच पटला नाही. "तुझा हात आखूड आहे गे," असं तिला तोंडावर सांगून त्या स्वतःच्या हातानं मोजून घ्यायच्या. परदेशी संपादकांनी जेव्हा विचारलं की मोळ म्हणजे नक्की किती, तेव्हा सरांनी बाईंना टेबलाशी बसवून त्यांचा हात पट्टीनं मोजला. सरांच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं आहे : १ मोळ = ४२ सें.मी. (सु.)

सत्तर साली मी सरांकडे संशोधनाला नाव घातलं आणि त्याच कार्तिकात बाई गेल्या. ताप आला, आठ दिवस राहिला, आणि गेल्या. सर तेराव्यानंतर कॉलेजात आले, तास घेतला, मग प्रयोगशाळेत येऊन बरणीपाशी उभे राहिले. त्या दिवसापासून फुलं ते स्वतः आणू लागले.

माझ्या प्रबंधाचा विषय त्यांनीच ठरवला. शंभर मोळ फुलांतून सहासष्ट साली दोन ग्रॅम सुमित्रिन निघालं होतं. अडुसष्टला दीड, सत्तरला एक. दर वर्षी कमी. का? मी मातीचे नमुने तपासले. पावसाचे आकडे आणले. पहाटेची फुलं, दुपारची फुलं, गावाबाहेरच्या चार मळ्यांतली फुलं, सगळं करून झालं. तिसऱ्या वर्षी अर्धा ग्रॅम, चौथ्या वर्षी पाव ग्रॅमही नाही. सर पावसाला दोष द्यायचे, नव्या खताला द्यायचे. एकदा दुपारी बरणीत बघत हळूच मला म्हणाले (विद्यार्थिनींना ते अम्माच म्हणायचे), "निवडणारा हात नाही अम्मा. मी आणतो, पण मला कळत नाही कुठली घ्यायची." त्या दुपारी ईथरच्या वाफेनं मला गुंगी आली होती, ती तशी रोजच यायची, आणि मला त्यांचं म्हणणं अगदी खरं वाटलं. फुलं कुणाच्या हातात गेली हे फुलांना कळत असेल, का नसेल? अशी मी, आणि म्हणे शास्त्र शिकायला आले होते.

त्या वर्षांची मला आठवण येते ती अशीच येते, धुरकट आणि सुगंधी. खिडकीतून चामुंडी टेकडी दिसायची. बाटलीतून बरणीत ईथर थेंब थेंब पडायचं आणि मी ते मोजता मोजता मोजणं विसरायची. स्वप्नातही मला ती बरणी दिसायची. तिच्यात फुलं नसायची, बाईंच्या हातातल्या बांगड्या असायच्या, आणि मी त्यांवर ईथर सोडत असायची.

चौऱ्याहत्तर साली सरांच्या ओळखीनं आमच्या तेलाचा एक थेंब बंगळूरला गेला. तिथल्या एका संस्थेत नवं यंत्र आलं होतं. पदार्थाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं वजन सांगणारं. दसऱ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी लिफाफा आला तो माझ्या नावानं, कारण पत्ता मी लिहिला होता. आत कागदावर उभ्या रेघा होत्या. सगळ्यांत उंच रेघ एकशे एकोणपन्नासवर. तिच्याशेजारी यंत्र चालवणाऱ्या माणसानं पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'ही रेघ आमच्याकडे वरचेवर येते. तुम्ही कुठे प्लास्टिक वापरता का?'

मी तो कागद धरून उभी राहिले आणि समोर बघितलं. वरच्या बाटलीतून खालच्या बरणीत उतरलेली नळी माझ्या नाकासमोर होती. रबराला वास असतो, मल्लिगेजवळ रबर नको, म्हणून सरांनी पहिल्यापासून तिथं प्लास्टिकची आरपार दिसणारी नळी लावली होती. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेल घालतात. जाडसर, बिनरंगाचं, बिनवासाचं. नळी मी बोटांनी दाबून पाहिली. म्हणे एकेकाळी ती मऊ होती. आता ती वेतासारखी कडक झाली होती. आठ वर्षांत तिच्यातलं सगळं तेल ईथरनं धुऊन बरणीत नेलं होतं, म्हणून दर वर्षी कमी निघत होतं. मी चार वर्षं गावाबाहेरच्या मळ्यांतून माती आणत हिंडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दसऱ्याच्या सुट्टीत सगळं गाव मिरवणुकीच्या गडबडीत होतं. मी किल्ली मागून घेतली आणि कोरा प्रयोग केला. कोरा प्रयोग म्हणजे सगळं तसंच करायचं, फक्त ज्याचा शोध घ्यायचा ती वस्तू घालायची नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही तो ठाऊक असतो. आमच्याकडे आठ वर्षांत तो कुणी केला नव्हता, कारण फुलं न घालता फुलांचा अर्क काढावा, हे कुणाला सुचलंच नाही. खोलीत पाऊल टाकलं की वास यायचा. ज्याचा वास येतो तेच हाती आलंय, असं नाक आम्हाला सांगत राहिलं आणि आम्ही मानत राहिलो.

रिकाम्या बरणीत ईथर पडताना बघणं फार विचित्र होतं. खोलीला वास नव्हता. दुरून बँडचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा, जायचा. मला सारखं वाटत होतं, कुणीतरी मागे येऊन विचारेल, फुलं कुठं आहेत गे? दोन दिवसांनी काचेच्या तळाशी चार थेंब राहिले. मग मी देवराज मोहल्ल्यातून तशीच नवी नळी आणली, मऊ, आणि पुन्हा केलं. अडीच ग्रॅम तेल निघालं. एकही फूल न घालता. मी तिथंच स्टुलावर बसले आणि रडले. खरं सांगते, आधी स्वतःसाठीच रडले, माझी चार वर्षं पाण्यात गेली म्हणून. बाईंची आठवण नंतर झाली, आणि ती झाल्यावर मात्र रडणंही थांबलं. नुसती भीती राहिली.

सरांना सांगायचं कसं? प्रबंध गेला तर मी दुसरा लिहीन, हातपाय धड आहेत. पण त्या माणसाकडे बाईंचं म्हणून एवढं एक तेल उरलं होतं. मूल नव्हतं. घरात फोटो होता, हार घातलेला. पण सुमित्रिन हे नाव छापलेलं होतं, परक्या देशांतल्या ग्रंथालयांत होतं, ते त्यांच्या मागेही राहणार होतं. मी तोंड उघडलं की बाई दुसऱ्यांदा जाणार होत्या, आणि या खेपेला माझ्यामुळे. अकरा दिवस मी तो कागद पिशवीत घेऊन हिंडले. मला खोकला झालाय, डोकं दुखतंय, असल्या सबबी सांगून सरांच्या समोर जायचं टाळलं. नाकानं कांदे सोलणारी मी, खरं बोलायची वेळ आली तर भिंतीआड लपत होते. शेवटी एका दुपारी सरांनीच हाक मारली.

"काय अम्मा, बंगळूरहून काही आलं का?"

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी रेघा पाहिल्या, मग पेन्सिलीची ओळ वाचली. चष्मा कपाळावर नेला, कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"कोरा प्रयोग केलास?"

"केला, सर."

"किती वेळा?"

"जुन्या नळीनं एकदा. नव्या नळीनं एकदा."

"नव्यात जास्त निघालं असेल."

"हो सर. अडीच ग्रॅम."

त्यांनी मान हलवली. हिशोब जमला की ते अशीच मान हलवायचे. "मी एकदाही केला नाही गे," ते म्हणाले. "बी.एस्सी.च्या पोरांचे त्यासाठी मार्क कापतो मी. मी एकदाही केला नाही." मग थोडं थांबून, "आणि मी म्हणत होतो, तिचा हात नाही म्हणून कमी होतंय."

मी म्हटलं, "सर, आपण थोडं थांबू. अजून एकदा बघू."

"काय बघायचं? साकु, पुरे. झालं." त्यांनी कोरा कागद ओढला. "मासिकाला आजच लिहू. कुणीतरी तिकडे बसून मल्लिगेत हे तेल शोधत असेल. तुझ्यासारखी कुणीतरी. तिचीही चार वर्षं जातील."

ते लिहू लागले. अक्षर नेहमीसारखं, सरळ. आमच्या निबंधात वर्णिलेला पदार्थ फुलांतला नसून उपकरणातल्या प्लास्टिकच्या नळीतून आलेला आहे. चूक लेखकाची आहे. विद्यार्थिनी तुळसी हिनं ती उघडकीस आणली. इथवर भराभर आले आणि पेन थांबलं. मी वाट पाहिली. शाईचा ठिपका कागदावर मोठा होत गेला.

सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "शेवटचं वाक्य तू लिही अम्मा."

"काय लिहू, सर?"

"तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. नियमच तसा आहे. मी लिहिलं : सुमित्रिन हे नाव यापुढे वापरले जाऊ नये. माझं अक्षर वाकडंतिकडं आलं. सरांनी खाली सही केली, टिपकागद फिरवला आणि पाकीट माझ्याच हाती टपालासाठी दिलं.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "ती नळी टाकलीस काय गे?"

"नाही सर. पुरावा म्हणून ठेवलीय. लांबी, जाडी सगळं वहीत लिहिलंय."

"लांबी किती?"

"एक मीटर अडुसष्ट." मला तो आकडा आधीच खटकला होता. दोन मीटर नाही, सहा फूट नाही. असली नळी कोण कापून देतं?

सरांनी डोळे मिटले. "चार मोळ," ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. मग ते सांगू लागले, माझ्याकडे न बघता. नळी बाईंनी आणली होती. सरांना तासामुळे वेळ नव्हता, म्हणून फुलांबरोबर नळीही घेऊन ये, असं त्यांनी सांगितलं होतं. तेव्हा नुकतं मीटरचं माप आलं होतं, आणि दुकानदाराच्या लोखंडी पट्टीवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. "निम्म मीटर निम्म हत्रने इर्ली," तुमचा मीटर तुमच्याकडेच राहू दे, असं त्याला सुनावून त्यांनी कोपर टेकवून चार हात मोजले आणि तिथं कापायला लावलं. घरी येऊन हे सांगताना त्या फार हसल्या होत्या.

मी आत जाऊन नळी आणली. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि एक टोक आपल्या कोपराशी धरून बोटापर्यंत मोजू लागले. त्यांचा हात लांब होता, हिशोब जमेना. तीन मोळ झाले आणि उरलेला तुकडा पुरा हातभर भरेना. त्यांनी पुन्हा मोजलं, या वेळी मधल्या बोटाच्या टोकाला न जाता थोडं अलीकडे थांबत. एक, दोन, तीन, चार. बरोबर भरली.

"ही मी नेऊ काय घरी?" त्यांनी मला विचारलं. विभागाचे प्रमुख होते ते, आणि परवानगी माझी मागत होते.

मी हो म्हटलं.

माझा प्रबंध पुढे वेगळ्या विषयावर झाला, चार वर्षांनी, सरांच्याच हाताखाली. मासिकात आमच्या त्या ओळी एका पानाच्या तळाशी छापून आल्या. पण त्या दुपारी हे सगळं पुढचं होतं. मी वरच्या खिडकीत उभी होते. सर कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडले. नळी कडक झालेली, दप्तरात मावेना. मग त्यांनी ती बायका माळ घेऊन येतात तशी मनगटाभोवती सैल वेढे देऊन गुंडाळून घेतली, टोक सुटू नये म्हणून दुसऱ्या हातानं धरलं, आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. बस आली. लोक चढले, उतरले. सर कंडक्टरला काहीतरी म्हणाले, मनगट जपत आत गेले, आणि खिडकीशी जागा मिळाल्यावर नळी मांडीवर ठेवून बसले.